चाळणीत उरलेल्या कोंड्यात काय असतं?

चक्कीवरून गरम पीठ घरी आलं की बहुतेक घरांत आधी बारीक चाळणी निघते. कणीक खाली पडते, वर तांबूस, खरखरीत कोंडा राहतो. तो गाईसाठी बाजूला ठेवतात नाहीतर कचऱ्यात जातो. पोळी मऊ होते, पांढरी दिसते. पण दाण्यातल्या अँटिऑक्सिडंटचा मोठा वाटा त्या कोंड्याला चिकटलेला असतो, आणि तो कोंड्यासोबत घराबाहेर गेलेला असतो.

किती गेला, याचा हिशेब घरच्या वजनकाट्यावर लागतो. १ किलो कणीक चाळा आणि वर राहिलेला कोंडा तोला. समजा तो ५० ग्रॅम भरला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार न चाळलेल्या गव्हाच्या पिठात १०० ग्रॅममागे सुमारे ११.४ ग्रॅम फायबर असतं, म्हणजे किलोत ११४. निव्वळ कोंड्यात १०० ग्रॅममागे ४० ग्रॅमच्या वर फायबर असतं. घरच्या कोंड्याला थोडं पीठ चिकटलेलं असतं म्हणून ३५ धरू. ५० ग्रॅम कोंड्यातून साडेसतरा ग्रॅम फायबर गेलं. वजनात पिठाचा विसावा हिस्सा कमी झाला, पण फायबरचा सहावा-सातवा हिस्सा गेला. मैद्यापर्यंत पोचलो की १०० ग्रॅममागे पावणेतीन ग्रॅमच उरतं.

फायबर म्हणजे पोट साफ ठेवणारा चोथा, आणि अँटिऑक्सिडंट म्हणजे फळांत, चहात, हळदीत असणारं काहीतरी वेगळं, अशी आपण दोन खाती करून ठेवली आहेत. धान्याच्या बाबतीत हे खातं एकच आहे.

दाण्याच्या आत

गव्हाच्या दाण्यात वजनाने सुमारे ८३ टक्के पिठूळ गाभा असतो, १४-१५ टक्के कोंडा, आणि अडीच-तीन टक्के अंकुर. मैदा म्हणजे फक्त गाभा. कोंडा हा एकच थर नसून अनेक पातळ सालींची चळत असते. तिच्यात सगळ्यांत आतला, गाभ्याला लगटून असलेला थर महत्त्वाचा. त्याला ॲल्युरोन म्हणतात. गव्हात तो जेमतेम एका पेशीच्या जाडीचा असतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो गाभ्याचाच भाग आहे, पण दळताना तो सालीसोबत निघून येतो. दाण्यातलं फेरुलिक ॲसिड, बरीचशी खनिजं आणि ब गटातली जीवनसत्त्वं इथे दाटीने असतात.

फेरुलिक ॲसिड हे गव्हातलं मुख्य अँटिऑक्सिडंट. ते काय करतं हे समजायला जवसाची चटणी आठवा. ताजी असताना खमंग, आणि उन्हाळ्यात बरणी उघडी राहिली की काही दिवसांतच खवट. जवसाच्या तेलातल्या एका रेणूवर ऑक्सिजनचा मारा होतो, त्याचा एक हायड्रोजन अणू निघून जातो आणि तो रेणू अस्थिर होतो. मग तो शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढतो, शेजारचा त्याच्या शेजारच्याचा. अशी साखळी लागते. अशा अस्थिर रेणूंना फ्री रॅडिकल म्हणतात. शरीरातही श्वास घेणं, अन्न जाळणं, जंतूंशी लढणं या रोजच्या कामांत ते तयार होतात. थोडे लागतातही, पण जास्त झाले की पेशींची आवरणं, प्रथिनं आणि डीएनए यांना इजा होते.

अँटिऑक्सिडंट स्वतःचा हायड्रोजन देऊन ही साखळी तोडतं. फेरुलिक ॲसिडची खुबी त्याच्या कड्याच्या आकारात आहे. हायड्रोजन दिल्यावर उरलेला एकटा इलेक्ट्रॉन त्या कड्यात पसरून जातो, त्यामुळे ते स्वतः दुसऱ्या कुणाच्या मागे लागत नाही.

बांधलेलं अँटिऑक्सिडंट

हे ॲसिड कोंड्यात सुटं फिरत नसतं. कोंड्याच्या पेशींच्या भिंती अरॅबिनोझायलन नावाच्या फायबरच्या लांब साखळ्यांनी बनलेल्या असतात. मुख्य दोरी झायलोज या साखरेची, तिला अरॅबिनोज साखरेच्या फांद्या, आणि काही फांद्यांच्या टोकाला फेरुलिक ॲसिड एस्टर बंधाने अडकवलेलं. दोन शेजारच्या दोऱ्यांवरची फेरुलिक ॲसिडं एकमेकांना जोडली जातात तेव्हा भिंतीला टाका बसतो. वनस्पतीने हे केलंय ते स्वतःसाठी, कीड आणि बुरशी आत शिरू नये म्हणून. गव्हातलं ९० टक्क्यांहून जास्त फेरुलिक ॲसिड असं बांधलेलं असतं.

यामुळे शास्त्रज्ञांचाही बराच काळ हिशेब चुकला. अँटिऑक्सिडंट मोजायची नेहमीची रीत अशी: नमुना अल्कोहोलमिश्रित पाण्यात घोळवायचा, जे विरघळेल ते मोजायचं, तळाचा साका फेकून द्यायचा. भाज्या-फळांसाठी हे बऱ्यापैकी चालतं. धान्यात नेमका ऐवज साक्यातच राहतो. २००२ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी तो साका अल्कलीने फोडून मोजला. फेरुलिक ॲसिड ज्यात मोडतं त्या फिनॉल गटातल्या एकूण द्रव्यांपैकी बांधलेला वाटा मक्यात ८५ टक्के, गव्हात ७६, ओट्समध्ये ७५ आणि तांदळात ६२ टक्के निघाला. आधीच्या मोजमापांत धान्यं इतकी मागे का दिसत होती, हे त्यातून कळलं.

त्याआधी १९९८ मध्ये स्पेनमधले संशोधक फुल्हेन्सिओ साउरा-कालिक्स्तो यांनी ‘अँटिऑक्सिडंट आहारतंतू’ (आहारतंतू म्हणजे फायबर) ही संज्ञा मांडली होती आणि तिला मापही दिलं होतं: कोरड्या वजनात निम्म्याहून जास्त फायबर हवं, आणि १ ग्रॅमची ताकद किमान ५० मिलिग्रॅम ई जीवनसत्त्वाएवढी हवी. हे माप बरंच कडक आहे. साधी कणीक त्यात बसणार नाही, कारण तिच्यात फायबरच ११ टक्के आहे. या मापाचा विचार कोंड्यासारख्या वेगळ्या काढलेल्या पदार्थांसाठी करायचा असतो. ‘या पिठात अँटिऑक्सिडंट फायबर आहे’ असं कुणी पाकिटावर छापलं, तर हे लक्षात असू द्या.

मग ते पोटात सुटतं कुठे?

संत्र्यातलं सी जीवनसत्त्व लहान आतड्यातच शोषलं जातं आणि काही तासांत रक्तात पोचतं. कोंड्यातलं फेरुलिक ॲसिड तसं करू शकत नाही. आपल्या पाचकरसांना तो बंध फारसा तुटत नाही. जेवण जठरातून आणि लहान आतड्यातून पुढे सरकतं, स्टार्च पचतं, प्रथिनं पचतात, आणि कोंड्याच्या भिंती जवळपास जशाच्या तशा मोठ्या आतड्यात येतात. तिथे अन्न एक दिवस, कधी दोन दिवस रेंगाळतं. तिथल्या जिवाणूंकडे आपल्याकडे नसलेली एन्झाइम आहेत. काही दोरी कापतात, काही फांदीच्या टोकाचा एस्टर बंध सोडवतात. फेरुलिक ॲसिड हळूहळू, तासन्‌तास सुटत राहतं. त्यातलं काही तिथेच काम करतं, काहीचं डायहायड्रोफेरुलिक ॲसिडसारख्या द्रव्यांत रूपांतर होऊन ते रक्तात जातं.

मोठ्या आतड्याचं अस्तर रोज कशाकशाला तोंड देतं ते पाहिलं की याचं मोल कळतं. न शोषलेलं लोह, तळणीतलं आधीच बिघडलेलं तेल, पित्त, जिवाणूंची आपली रसायनं, हे सगळं तिथे जमा होतं. फळांतलं सी जीवनसत्त्व बहुतेक वरच्या टप्प्यातच शोषलं गेलेलं असतं. धान्यातलं मात्र फायबरच्या पाठीवर बसून नेमकं तिथवर येतं. सोबत फायबर आंबून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही आम्लं तयार होतात. ब्युटिरेट हे तर त्या अस्तराच्या पेशींचं मुख्य खाद्य.

इटलीत झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जादा वजनाच्या लोकांना ८ आठवडे संपूर्ण गव्हाचे पदार्थ दिले, दुसऱ्या गटाला मैद्याचे. संपूर्ण गव्हाच्या गटात रक्तातलं डायहायड्रोफेरुलिक ॲसिड वाढलं आणि दाह दाखवणारं टीएनएफ-अल्फा कमी झालं. म्हणजे कोंड्याशी बांधलेलं द्रव्य खरोखर रक्तात पोचतं.

इथे एक सावधगिरी हवी. प्रयोगशाळेतला मोठा आकडा म्हणजे शरीराला तितकाच मोठा फायदा, असं गणित जुळत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट ताकदीचा ओरॅक नावाचा तक्ता २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकला, कारण विक्रेते ते आकडे जाहिरातीत वाटेल तसे वापरत होते. गोळ्यांचा अनुभव तर याहून वाईट आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या दिल्या, आणि १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर जास्त निघाला.

संपूर्ण धान्याच्या बाजूने खरा भक्कम पुरावा आहे तो आख्ख्या आहाराचा. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला, १८५ निरीक्षणात्मक अभ्यास आणि ५८ चाचण्या एकत्र तपासणारा आढावा २०१९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला. जास्त फायबर खाणाऱ्यांत हृदयविकार, टाइप-२ मधुमेह, मोठ्या आतड्याचा कॅन्सर आणि एकूण मृत्यू कमी फायबर खाणाऱ्यांपेक्षा १५ ते ३० टक्क्यांनी कमी आढळले. सर्वाधिक फायदा रोज २५ ते २९ ग्रॅमच्या टप्प्यात दिसला. यात अँटिऑक्सिडंटचा वाटा किती, चोथ्याचा किती, मॅग्नेशियमचा किती, हे सुटं करून सांगता येत नाही. दाण्यातही ते सुटं नसतंच.

रोजच्या ताटाचा हिशेब

२५ ते २९ ग्रॅम ऐकायला मोठं वाटतं. सकाळी न चाळलेल्या कणकेच्या ४ पोळ्या, एकीला २५ ग्रॅम पीठ धरलं तर १०० ग्रॅम, म्हणजे ११ ग्रॅम फायबर. ३० ग्रॅम तूरडाळीच्या वरणाचे पावणेतीन. ७५ ग्रॅम पांढऱ्या तांदळाच्या भाताचे दोन. रात्री ज्वारीच्या २ भाकरी, एकीला ६० ग्रॅम पीठ, तर १२ ग्रॅम. भाजी धरण्याआधीच २७-२८ झाले. हेच ताट चाळलेली कणीक, रात्री भाकरीऐवजी भात आणि मधल्या वेळेला मैद्याची टोस्ट-खारी असं झालं की आकडा १८ च्या आसपास येतो. ओट्स विकत आणल्याशिवाय फायबर मिळत नाही, असं मुळीच नाही. ओट्समध्ये एव्हनॅन्थ्रामाइड हे त्याचं खास अँटिऑक्सिडंट आहे, बीटा-ग्लुकन हे विरघळणारं फायबर आहे, रोजच्या ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनने कोलेस्टेरॉल उतरतं. आवडत असतील तर जरूर खा. पण ज्वारी सोडून ओट्सकडे जायची गरज नाही.

ज्वारीच्या बाबतीत विदर्भाचं ताट मुळात शहाणं होतं. भाकरीचं पीठ आख्ख्या दाण्याचं असतं, साल ठिसूळ असल्याने ती बारीक दळली जाते आणि चाळणीची गरज फारशी पडत नाही. लाल-काळ्या ज्वारीत रंगद्रव्यांमुळे अँटिऑक्सिडंट जास्त भरतात, पण काही जातींत टॅनिनही असतं, चव तुरट लागते आणि प्रथिनं नीट पचत नाहीत. भाकरीच्या पांढऱ्या ज्वारीत ती अडचण नाही. फक्त पॉलिश केलेली, मोत्यासारखी चकचकीत ज्वारी घेऊ नका. भंडारा-गोंदियाकडच्या तांदळाचंही तेच: पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅममागे २.८ ग्रॅम फायबर, बिनपॉलिशच्या तांदळात ४.४.

स्वयंपाकघरात काय बदलायचं

चाळायचं कारण खडे, काड्या आणि किडे हे असेल तर ते काम दळणाआधी करा. गहू निवडून, पाखडून द्या. नंतर पीठ चाळायचंच तर मोठ्या भोकांच्या चाळणीने. पोळी चिरते ही तक्रार मात्र खरी आहे, आणि तिचं कारण आहे. कोंड्याचे तुकडे ग्लुटेनच्या, म्हणजे गव्हातल्या चिकट प्रथिनाच्या, पडद्याला धारदार कडांनी कापतात, शिवाय ते पाणी सावकाश पितात. कणीक मळल्या-मळल्या ठीक वाटते, अर्ध्या तासाने घट्ट होते. म्हणून चक्कीवाल्याला बारीक दळायला सांगा, २०० ग्रॅम पिठाला नेहमीपेक्षा २ चमचे पाणी जास्त घाला, उंडा झाकून ३०-४० मिनिटं ठेवा आणि परत मळा. तरी जमत नसेल तर कोंडा चाळून काढा, वाटीत तो जेमतेम बुडेल इतक्या कढत पाण्यात २० मिनिटं भिजवा, आणि त्या पाण्यासकट कणकेत परत घाला. भिजलेला कोंडा कापत नाही.

नागपूरच्या उन्हात पिठाची दुसरी शत्रू म्हणजे उष्णता. आख्खा दाणा कोरडा ठेवला तर वर्षभर टिकतो, कारण अंकुरातलं तेल आणि ते फोडणारं लायपेज एन्झाइम वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. दळलं की दोघांची गाठ पडते. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असताना न चाळलेली कणीक ८-१० दिवसांत वास धरू लागते, बाजरीचं पीठ ३-४ दिवसांतच कडू होतं, ज्वारीच्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते आणि भाकर थापताना कडा फाटतात. तेल खवट होताना पिठातली अँटिऑक्सिडंट आधी खर्ची पडतात. म्हणजे खवट वास आला तेव्हा ती बरीच संपलेली असतात. उन्हाळ्यात आठवड्यापुरतंच दळण द्या. घरी आणल्यावर परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या, मगच डब्यात भरा. गरम पिठावर झाकण लावलं तर आत वाफ धरते आणि गुठळ्या होतात.

बांधलेलं फेरुलिक ॲसिड थोडं आधीच मोकळं करायचं असेल तर आंबवणं हा सगळ्यांत सोपा मार्ग. आंबवणाऱ्या काही जिवाणूंकडेही तो बंध सोडवणारं एन्झाइम असतं. ज्वारीच्या आंबिलीसाठी अर्धी वाटी पीठ १ वाटी ताकात गुठळ्या मोडून कालवा. हिवाळ्यात रात्रभर, मे महिन्यात ५-६ तास पुरे. भांडं स्टीलचं किंवा मातीचं घ्या, पितळ-ॲल्युमिनियमला आंबट लागतं. मग ३ वाट्या पाण्याला मीठ, जिरं, ठेचलेला लसूण घालून उकळी आणा, आच मंद करा, पीठ धारेने सोडत सतत ढवळा आणि ८-१० मिनिटं शिजू द्या. उकळत्या पाण्यात पीठ एकदम ओतलं की गोळे होतात आणि त्यांचं पोट कच्चं राहतं. कण्या ताकात भिजवून शिजवल्या तरी काम तेच.

गव्हाला मोड आणूनही हे होतं. गहू ८-१० तास भिजवा, ओल्या फडक्यात २४ तास बांधा, मोडाचं टोक २-३ मिलिमीटर दिसलं की थांबा. सावलीत कडकडीत वाळवून दळा. मोड लांब वाढू दिले तर दाण्यातलं अमायलेज स्टार्च तोडतं आणि कणीक चिकट, पातळ होऊन लाटता येत नाही. म्हणून असं १ भाग पीठ ४ भाग साध्या कणकेत मिसळा. पावसाळ्यात मात्र हा उद्योग टाळलेला बरा, वाळायला वेळ लागतो आणि बुरशी धरते.

आंबवण्या-मोडवण्याचा आणखी एक लाभ लोहाच्या बाजूने आहे. कोंड्यात फायटिक ॲसिड असतं. ते लोहाला घट्ट धरून ठेवतं. मोठ्या आतड्यात मोकळं लोह फ्री रॅडिकल तयार करायला मदत करतं, तिथे ही पकड उपकारक. पण तेच लहान आतड्यात लोह आणि झिंक शोषू देत नाही, आणि रक्तक्षय असलेल्या बाईला ते परवडत नाही. भिजवल्याने, आंबवल्याने फायटिक ॲसिड कमी होतं. जेवणासोबत लिंबू पिळा किंवा जेवल्यावर लगेच एक संत्रं खा, सी जीवनसत्त्व लोहाला शोषता येईल अशा रूपात आणतं. चहा मात्र तासभर उशिरा.

पाकिटं वाचताना एवढं पाहा. भारतातल्या नियमांनुसार १०० ग्रॅममध्ये ६ ग्रॅम फायबर असलं की ‘हाय फायबर’ लिहिता येतं. चक्कीवरची साधी कणीक याच्या जवळपास दुप्पट आहे. मैदा, साखर आणि वरून घातलेला कोंडा असं बिस्कीटही त्या ओळीत बसू शकतं. घटकांच्या यादीत पहिलं नाव काय आहे ते बघा. ते ‘गव्हाचं पीठ (आटा)’ आहे की ‘रिफाइंड गव्हाचं पीठ’, म्हणजे मैदा, यावर सगळं ठरतं.

आजवर चाळलेली कणीक खाणाऱ्यांनी एकदम सगळा कोंडा सुरू करू नये, पोट फुगतं. पहिल्या आठवड्यात निम्मा कोंडा परत घाला, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पूर्ण, आणि पाणी वाढवा. पाण्याविना कोंडा वाढवला तर उलट बद्धकोष्ठ होतो. लहान मुलांच्या पोटात जागा कमी असते. त्यांना वरून जास्तीचा कोंडा घालू नये, साधी न चाळलेली पोळी पुरे. सिलियाक (ग्लुटेन न सोसणारा आतड्याचा आजार) असलेल्यांनी गहू आणि जव वर्ज्य करून ज्वारी-बाजरी खावी, पण दळण गव्हाच्या चक्कीतून आणू नये, दगडात गहू राहिलेला असतो. किडनीच्या रुग्णांनी कोंड्यातल्या फॉस्फरसबद्दल आधी डॉक्टरांना विचारावं. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्यासोबत घेऊन पोळी-भाकर अर्ध्या-एक तासाने खावी, आणि लोहाची गोळी भाकरीच्या घासाबरोबर घेऊ नये.